‘व्हायकिंग टाळी’ हजार वर्षांची नाही

फुटबॉलची मोठी स्पर्धा जवळ आली की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. फुटबॉल संघांचे जल्लोष म्हणजे पूर्वजांचा वारसा, असं त्यात ठासून सांगितलेलं असतं. आइसलँडची टाळी ही व्हायकिंग योद्ध्यांची रणगर्जना, मेक्सिकन वेव्ह मेक्सिकोच्या मातीत जन्मलेली, सामन्याआधी खांद्यांवर हात टाकून केलेलं रिंगण म्हणजे लढाईआधीची शपथ, आणि करंडक डोक्यावर उचलणं ही रोमन सेनापतींची रीत. मग मजकूर सूर बदलतो. १९९४ च्या आधी गोल झाल्यावर खेळाडू फक्त हस्तांदोलन करायचे म्हणे, नाचगाणी टीव्हीच्या पैशानं आणली आणि शर्ट काढण्यावरची बंदी जाहिरातदारांनी आणवली. म्हणजे जुनं ते रक्तातलं आणि नवं ते विकतचं.

हा मजकूर मला इतक्या वेळा आलाय की आता एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहितोच. चूक माहितीचा राग येतो तो येतोच, पण माझं दुखणं वेगळं आहे. यातल्या बहुतेक प्रथांमागे नाव, गाव आणि तारीख असलेली माणसं आहेत. कुणी दुःखात होतं, कुणी मस्तीत होतं, कुणाला तर आपण काही सुरू करतोय याची कल्पनाही नव्हती. ‘हजारो वर्षांची परंपरा’ असं म्हटलं की ही सगळी माणसं एका फटक्यात पुसली जातात.

“आइसलँडची टाळी ही व्हायकिंगांची रणगर्जना आहे.”

सगळ्यात जास्त पसरलेला दावा हाच, म्हणून यावर जरा थांबतो.

२७ जून २०१६, फ्रान्समधलं नीस शहर. साधारण ३ लाख ३० हजार लोकवस्तीच्या आइसलँडनं युरो स्पर्धेच्या बाद फेरीत इंग्लंडला २-१ असं हरवलं. सामना संपल्यावर खेळाडू आपल्या चाहत्यांसमोर जाऊन उभे राहिले. पुढे कर्णधार आरोन गुन्नारसन, दाढीवाला, दोन्ही हात डोक्याच्या वर फाकलेले. ढोलावर दोन ठोके. हजारो हात एकदम जुळले आणि एकच आवाज आला, ‘हू!’ मग शांतता. ती शांतता इतकी लांबते की पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, संपलं वाटतं. पुन्हा दोन ठोके, पुन्हा हू. मधली जागा हळूहळू आक्रसत जाते आणि शेवटी सगळं टाळ्यांच्या कडकडाटात विरून जातं. मी ते टीव्हीवर पाहिलं आणि अंगावर काटा आला होता. त्यामुळे हे काहीतरी प्राचीन असणार असं कुणाला वाटलं तर मला नवल वाटत नाही. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे.

ही टाळी आइसलँडमध्ये आली २०१४ साली आणि ती आली स्कॉटलंडहून. त्या जुलैमध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत स्त्यार्नान या आइसलँडच्या क्लबची गाठ स्कॉटलंडच्या मदरवेलशी पडली. स्त्यार्नान हा राजधानी रेक्याविकला लागून असलेल्या गार्दाबाइर गावचा क्लब. त्यांच्या चाहत्यांच्या गटाच्या नावाचा अर्थ ‘चांदीचा चमचा’. ही मंडळी मदरवेलच्या फर पार्क मैदानावर गेली, तिथल्या चाहत्यांची ही संथ टाळी पाहिली, आवडली आणि घरी घेऊन आली. ती लढत स्त्यार्नाननं दोन सामन्यांत मिळून जिंकली. पुढे राष्ट्रीय संघाच्या चाहत्यांचा गट, ज्याचं नाव तोल्फान म्हणजे ‘बारावा’, त्यानं ती उचलली आणि दोन वर्षांत ती साऱ्या जगानं पाहिली. मदरवेलच्याही आधीची कहाणी आहे. उत्तर फ्रान्समधल्या लाँस या क्लबचे चाहते अशा टाळीवर आपला दावा सांगतात.

आता व्हायकिंगांकडे वळू. त्यांचा काळ साधारण आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकापर्यंतचा. त्यांच्या लढायांच्या कथा आइसलँडच्या गद्य आख्यानांत, म्हणजे सागांमध्ये आहेत आणि त्या मुख्यतः तेराव्या शतकात लिहिल्या गेल्या. त्यांत तलवारी आहेत, ढाली आहेत, सूड आहेत, जहाजं आहेत. डोक्यावर हात नेऊन ठेक्यात मारलेली टाळी नाही. जवळ जाणारी एकच गोष्ट सापडते. सभेत ठराव मान्य झाला की लोक शस्त्रं उंचावून किंवा वाजवून होकार द्यायचे, तिला वापनाताक म्हणत. हा सभेतला होकार होता. त्याची रणगर्जना करायची आणि तिची पुढे टाळी करायची, हे आजच्या माणसाचं कवित्व आहे. सामन्यांना चाहते जी शिंगांची शिरस्त्राणं घालून येतात त्यांचंही असंच आहे. व्हायकिंग योद्धे शिंगांचं शिरस्त्राण घालत नसत. ती कल्पना १९ व्या शतकातल्या जर्मन रंगभूमीच्या वेशभूषेतून रुजली.

शिवाय टाळीचं तंत्रच पाहा ना. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाची लांबी १०५ मीटरच्या आसपास, त्यामागे दोन्हीकडे स्टँड. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणूनच मोठ्या स्टेडियममध्ये नुसत्या कानावर भरवसा ठेवून एकत्र टाळी वाजवायला गेलं की ती फाटते. इथे हात आधीच वर असतात, ते खाली येताना सगळ्यांना दिसतात आणि ढोल पुढची सूचना देतो. डोळ्यांनी धरलेला ठेका आहे हा. खेळाच्या स्टँडमध्ये वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या माणसांना सुचलेली ही युक्ती आहे आणि तिचं श्रेय त्यांनाच मिळायला हवं.

“मेक्सिकन वेव्ह मेक्सिकोची आहे.”

नाव तसं आहे, एवढंच. १९८६ चा विश्वचषक मेक्सिकोत झाला, प्रेक्षकांनी उभं राहून, हात उंचावून, पुन्हा बसत स्टेडियमभर लाट फिरवली आणि जगातल्या बहुतेकांनी ती तेव्हा पहिल्यांदा पाहिली. म्हणून नाव चिकटलं. तिची नोंद मात्र त्याआधीची आहे. १५ ऑक्टोबर १९८१ ला अमेरिकेत ऑकलंडमध्ये बेसबॉलचा सामना होता. तिथे ‘क्रेझी जॉर्ज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जॉर्ज हेंडरसन या व्यावसायिक चीअरलीडरनं ढोल बडवत एकेका भागाला उठवलं आणि लाट पूर्ण फिरवून दाखवली. सामना टीव्हीवर होता. त्याच महिन्याच्या शेवटी, ३१ ऑक्टोबरला, सिॲटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात तशीच लाट उठली आणि तिथले लोक आजही पहिला मान आपलाच असं सांगतात. त्या दोघांच्या वादात मी पडत नाही. मेक्सिकोचा क्रमांक त्यानंतर लागतो, एवढं नक्की.

या लाटेचा अभ्यासही झालाय. इल्येश फार्कश, डिर्क हेल्बिंग आणि तामाश विचेक यांनी चित्रफिती तपासून २००२ साली ‘नेचर’मध्ये लिहिलं की लाट सेकंदाला सुमारे २० खुर्च्या ओलांडते, एका वेळी साधारण १५ खुर्च्यांइतकी रुंद असते आणि ती सुरू करायला काही डझन माणसं पुरतात. काही डझन! पन्नास हजारांच्या स्टेडियममध्ये. ही मोजणी माझी फार आवडती आहे.

“सामन्याआधीचं रिंगण म्हणजे योद्ध्यांची शपथ.”

हा दावा मला सगळ्यात जास्त लागतो.

फुटबॉलमध्ये सगळ्यात ओळखीचं रिंगण स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचं. सामना सुरू व्हायच्या आधी अकराही जण मध्यभागी गोल करून, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, डोकी आत झुकवून उभे राहतात आणि स्टेडियम दणाणून उठतं. ते सुरू झालं १९९५ च्या उन्हाळ्यात, हंगामाआधीच्या जर्मनी दौऱ्यावर. कल्पना टोनी मोब्री या बचावपटूची. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी त्याची पत्नी कर्करोगानं गेली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिच्या आजारपणात आणि नंतर संघातले सोबती त्याच्याभोवती उभे राहिले होते आणि आपण एक आहोत हे मैदानावर सगळ्यांना दिसावं, असं त्याला वाटलं. त्यानं सुचवलं, बाकीच्यांनी मानलं.

मोब्री त्याच वर्षी क्लब सोडून इप्सविचला गेला. रिंगण मात्र राहिलं. नंतर आलेले खेळाडू, प्रशिक्षक, सगळे बदलले, तरी ते सामन्यामागून सामना होतच राहिलं. एका माणसाच्या आयुष्यातल्या सगळ्यात काळ्या वर्षातून आलेली ही गोष्ट. तिला ‘प्राचीन योद्ध्यांची शपथ’ म्हणायचं म्हणजे तो माणूस आणि ती बाई दोघांनाही बाजूला सारायचं. मला ते पटत नाही, पटणारही नाही.

रिंगणाचा खेळातला जुना धागा शोधायचाच असेल तर तोही रणभूमीवर जात नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन डावांमध्ये खेळाडू गोलात उभे राहतात, त्याचं श्रेय वॉशिंग्टनमधल्या गॅलोडेट या बधिर विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला आणि १८९० च्या दशकातला तिथला क्वार्टरबॅक पॉल हबर्ड याला दिलं जातं. तो खुणांच्या भाषेत डाव सांगायचा, समोरच्या संघाला खुणा दिसायच्या, म्हणून त्यानं सोबत्यांना भोवती गोल करून उभं केलं. हात दिसू नयेत म्हणून पाठींची भिंत.

“करंडक डोक्यावर उचलणं ही रोमन रीत.”

ट्रॉफी हा शब्द ग्रीकांकडून रोमनांकडे आणि तिथून पुढे आला, हे खरं. शत्रूनं जिथे पाठ दाखवली तिथे त्याची शस्त्रं खांबावर टांगून उभारलेलं विजयचिन्ह, असा त्याचा मूळ अर्थ. पण कर्णधारानं दोन्ही हातांनी करंडक डोक्याच्या वर धरायचा, ही आपण ओळखतो ती मुद्रा २९ जून १९५८ ची. स्टॉकहोमजवळचं रोसुंदा मैदान. ब्राझीलनं स्वीडनला ५-२ हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला होता. कर्णधार होता बेलिनी, उंचापुरा बचावपटू. त्याच्या हातात झ्यूल रिमे करंडक आला. हा करंडक तसा लहानखुरा, ३५ सेंटिमीटर उंच आणि वजनाला ३.८ किलो. भोवती छायाचित्रकारांची झुंबड. मागच्या रांगेत अडकलेल्यांना, त्यात बुटक्यांना तर, काहीच दिसेना. ते ओरडायला लागले, बेलिनी, वर धर! त्यानं दोन्ही हातांनी तो डोक्यावर नेला. उचलायचं असं काही आपल्या मनात नव्हतं, हे बेलिनी पुढे सांगत असे. रिओच्या माराकाना स्टेडियमसमोर तशाच पवित्र्यातला पुतळा उभा आहे आणि लोक त्याला बेलिनीचा पुतळा म्हणूनच ओळखतात.

त्या दिवशी कुणाच्याही डोक्यात रोमन सेनापती नव्हता. फोटो हवा होता. पण त्या फोटोनंतर जगभरच्या कर्णधारांनी तेच केलं आणि अजून करतात.

“१९९४ च्या आधी फक्त हस्तांदोलन होतं.”

या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. ब्रिटिश फुटबॉलमध्ये गोलनंतर फार उसळू नये असा संकेत बराच काळ होता. १९९४ च्या विश्वचषकातला ब्राझीलच्या बेबेटोचा पाळणाही खरोखर वळणाचा होता. ९ जुलै, डॅलस, नेदरलँड्सविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. बेबेटोनं गोल केला, कडेच्या रेषेकडे धावला आणि हातांचा पाळणा करून झुलवायला लागला. दोनच दिवसांपूर्वी त्याला मुलगा झाला होता. एका बाजूला मझिन्यो आला, दुसऱ्या बाजूला रोमारियो, तिघंही एका तालात. हे आधी ठरलेलं नव्हतं, पाहणाऱ्याला ते लगेच कळतं. तेव्हापासून बाप झालेला खेळाडू जगात कुठेही पाळणा झुलवतो.

पण तिथून सुरुवात झाली? मग रोसुंदावर १७ वर्षांचा पेले गोलरक्षक जिल्मारच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडला ते काय होतं? त्याच संघानं यजमानांचा, म्हणजे ज्यांना हरवलं त्या स्वीडनचा, भलामोठा झेंडा धरून मैदानाला फेरी मारली होती. पेलेची ती प्रसिद्ध हवेतली मूठ १९५९ च्या ऑगस्टमधली. साओ पावलोतल्या रुआ झावारीच्या छोट्या मैदानावर झुव्हेंटुस क्लबचे प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते. त्यानं तीनचार जणांच्या आणि शेवटी गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू काढत गोल केला आणि त्याच प्रेक्षकांसमोर जाऊन, उडी मारून हवेत ठोसा लगावला. त्या गोलचं चित्रीकरण उपलब्ध नाही. कुठला टीव्ही आणि कुठला प्रायोजक?

आणि रॉजर मिला? १९९० च्या इटलीतल्या विश्वचषकात कॅमेरूनचा हा ३८ वर्षांचा आघाडीपटू बदली म्हणून मैदानात यायचा, गोल करायचा आणि थेट कोपऱ्यातल्या झेंड्याकडे जाऊन कंबर हलवत नाचायचा. आधी रुमानियाविरुद्ध दोन गोल, मग कोलंबियाविरुद्ध जादा वेळेत आणखी दोन. त्या नाचाला कुणी पैसे दिले नव्हते.

पूर्ण संघानं मिळून बसवलेले जल्लोषही मोठ्या पैशाच्या क्लबांतून आलेले नाहीत. इंग्लंडमधल्या एल्सबरी युनायटेड या लीगबाहेरच्या छोट्या क्लबचं टोपणनाव ‘डक्स’, म्हणजे बदकं. १९९४-९५ च्या एफए कपमध्ये गोल झाला की त्यांचे खेळाडू गुडघ्यांवर बसून, कोपरं पंखांसारखी फडफडवत, एकामागोमाग एक रांगेनं चालायचे. २०१० साली आणखी एका छोट्या क्लबनं तर कमाल केली. गोल करणारा खेळाडू गळ टाकतो, दुसरा मासा होऊन गवतावर उसळत, तडफडत ओढला जातो, मग चारपाच जण त्याला आडवा उचलून धरतात आणि एक जण फोटो काढल्याचा अभिनय करतो. चित्रफीत जगभर गेली. तो क्लब कुठला? गार्दाबाइरचा स्त्यार्नान. चार वर्षांनी मदरवेलहून टाळी घेऊन आले तेच हे लोक. मासेमारीवर जगलेल्या देशाला माशाचा जल्लोष सुचला, यात प्रतिभा आहे आणि ती आजच्या माणसांची आहे.

२०१० मधलंच दुसरं उदाहरण, ११ जूनचं, जोहान्सबर्गचं. विश्वचषकाचा पहिला सामना, त्शाबालालाचा मेक्सिकोविरुद्धचा गोल आणि कडेच्या रेषेजवळ दक्षिण आफ्रिकेच्या पाच खेळाडूंनी ओळीत, एका ठेक्यात केलेला नाच. तो ठरवून केलेला होता. ठरवून केला म्हणून तो खोटा कसा ठरतो? ज्याची उजळणी झालीय असा आनंद हाही आनंदच असतो.

“शर्ट काढण्यावर बंदी जाहिरातदारांनी आणली.”

इथे फार वेळ घालवत नाही. फुटबॉलचे नियम एकटी फिफा ठरवत नाही. इफाब नावाचं मंडळ ठरवतं. त्यात चार ब्रिटिश संघटनांची एकेक आणि फिफाची चार अशी आठ मतं असतात आणि बदलाला सहा लागतात. शर्ट काढल्यास पिवळं कार्ड सक्तीचं झालं २००४ पासून. नियमाची चौकट अतिरेकी जल्लोष आणि वाया जाणारा वेळ अशी आहे. कुंपणावर चढणं, मुखवटा घालणं, चिथावणारे हावभाव करणं हे सगळं त्याच यादीत येतं. नुसता शर्ट डोक्यावर ओढला तरी कार्ड, गोल रद्द झाला तरी कार्ड. प्रायोजकाचा उल्लेख त्यात नाही. नृत्यासारखे बसवलेले जल्लोष प्रोत्साहनाला पात्र नाहीत, असंही नियमात लिहिलंय, पण त्यांवर बंदी नाही.

नियम कठोर आहे, हे माझंही मत. ११ जुलै २०१० ला स्पेनच्या इनिएस्तानं, जो बार्सिलोना क्लबकडून खेळायचा, ११६ व्या मिनिटाला विश्वचषक जिंकून देणारा गोल केला आणि शर्ट काढला. आतल्या बनियनवर दानी हार्केचं नाव होतं. हार्के म्हणजे बार्सिलोनाच्या शेजारच्या प्रतिस्पर्ध्याचा, एस्पान्योलचा कर्णधार, आदल्या ऑगस्टमध्ये हृदयविकारानं गेलेला. पंचांनी कार्ड दाखवलं, कारण दाखवणं भाग होतं. त्या कार्डावर चिडायचं असेल तर नियमावर चिडा, त्यामागे जाहिरातदार शोधू नका.

“हे रक्तातलं असतं, दुसऱ्याला उचलता येत नाही.”

मजकुराच्या शेवटी हे वाक्य असतंच, आणि इतिहास त्याच्या बरोब्बर उलट आहे. २१ ऑक्टोबर २०१० ला पोलंडच्या लेख पोझनानचे चाहते मँचेस्टर सिटीच्या मैदानावर आले. त्यांनी मैदानाकडे पाठ केली, शेजाऱ्याच्या खांद्यांवर हात टाकले आणि एकसाथ उड्या मारायला सुरुवात केली. सामना सिटीनं ३-१ असा जिंकला. पण पाहुण्यांचा जल्लोष यजमानांना इतका आवडला की त्यांनी तोच उचलला आणि इंग्लंडमध्ये त्याचं नावच ‘पोझनान’ पडलं. घेणाऱ्यांनी देणाऱ्याचं नाव लपवलं नाही, उलट तेच ठेवलं.

आणि ती टाळी. ३ जुलै २०१६ ला पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सवर यजमान फ्रान्सनं आइसलँडला ५-२ असं हरवलं. त्या रात्रीही आइसलँडचे खेळाडू आपल्या चाहत्यांसमोर गेले आणि पराभवानंतरची शेवटची टाळी वाजवली. चार दिवसांनी मार्सेलमध्ये फ्रान्सनं जर्मनीला २-० हरवून अंतिम फेरी गाठली. शिटी वाजली, फ्रान्सचे खेळाडू आपल्या स्टँडसमोर ओळीनं उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले.